संगणकाचे दर्शक दिवे

गेल्या दिवाळीच्या सुटींतील गोष्ट आहे. सायंकाळची वेळ होती. आमच्या शाळेंतील नववीचा एक विद्यार्थी व त्याचे वडील माझ्या घरीं आले. सायकलच्या कॅरिअरवर जुन्या चादरींत गुंडाळलेली एक पेटी त्यांनीं बांधून आणली होती. सुटे भाग विकत आणून मुलानें स्वतःच्या हातांनीं जोडलेला तो संगणक होता. त्याकरितां वडिलांनीं वर्षभर थोडी थोडी रक्कम बाजूस टाकली होती. सर्व भाग जोडून झाल्यावर मुलानें मोठ्या उत्सुकतेनें बटण दाबलें. परंतु पेटीच्या दर्शनी बाजूचा दिवा कांहीं लागला नाहीं. त्यानें घाबरून लागलींच भिंतीवरचें बटण बंद केलें. दुसऱ्या दिवशीं बाजारांतील एका दुकानदारास विचारलें, तेव्हां पेटी न उघडतांच त्यानें सांगितलें, "मदरबोर्ड जळला असेल, नवा घ्यावा लागेल." वडिलांचा चेहरा उतरला होता. "सर, सगळे पैसे पाण्यांत गेले का, एवढें पाहून सांगा," असें ते म्हणाले.

त्या वेळीं मीही एक चूक केली. पेटी उघडण्यापूर्वींच मी त्या मुलास वडिलांदेखत बोललों, "अरे, विचारल्यावांचून एवढी घाई कशाला केलीस?" मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. प्रथम त्या लहानशा दिव्याची ओळख करून घेऊं; कारण ती झाल्यावांचून शेवटाचें मर्म ध्यानीं यावयाचें नाहीं.

मेजावर ठेवण्याच्या संगणकाच्या पेटीवर सामान्यतः दोन दर्शक दिवे असतात. पहिला विजेचा. यंत्र चालू असतां तो स्थिर जळतो. यंत्र निद्रितावस्थेंत असतां पुष्कळ संगणकांत तो उघडझांप करतो किंवा त्याचा रंग पालटतो. दुसरा साठवणीचा. हार्ड डिस्कवरून मजकूर वाचला जात असेल अथवा तींत लिहिला जात असेल, तेव्हां तो लुकलुकतो. या दुसऱ्या दिव्याचा उपयोग फार थोड्यांच्या लक्षांत येतो. पडद्यावरील चित्र गोठल्यासारखें झालें, पण हा दिवा लुकलुकत आहे, तर यंत्र आपल्या कामांत गढलेलें आहे असें समजावें व थोडा वेळ वाट पाहावी. अशा वेळीं अधीर होऊन वीज तोडली, तर अर्धवट लिहिलेली फाईल बिघडण्याचा संभव असतो. नव्या धर्तीच्या कांहीं साठवण-पट्ट्या थेट मदरबोर्डावर बसवितात. त्यांचें काम हा दिवा दाखवितो कीं नाहीं, हें त्या त्या मदरबोर्डावर अवलंबून असतें.

घरीं जोडावयाचे संगणक व दर्शक दिवे यांचा संबंध जुना आहे. १९७५ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' या संगणकाचें चित्र झळकलें. तो सुट्या भागांच्या रूपानें टपालानें मागवून घरीं जोडतां येत असे. मूळ यंत्रास ना पडदा होता, ना अक्षरांचा कळफलक. दर्शनी बाजूच्या खटक्यांनीं त्यास आज्ञा द्यावयाची, आणि तांबड्या दिव्यांच्या ओळींवरून त्याचें उत्तर वाचावयाचें. स्मृतीमधील पत्ता दाखविण्यास १६ दिवे व तेथील आशय दाखविण्यास ८ दिवे अशी त्याची रचना होती. पुढें पडदे आले, यंत्रें बोलकीं झालीं, आणि दिव्यांची ती दाटी ओसरून आतां बहुधा हे दोनच उरले आहेत.

आतां हा दिवा जळतो कसा तें पाहूं. पूर्वीच्या बल्बमध्यें बारीक तार तापून प्रकाश देत असे. तींतून वीज कोणत्याही बाजूनें सोडली तरी चालत असे. आपला दर्शक दिवा तसा नव्हे. त्यास एलईडी म्हणतात, म्हणजे प्रकाश देणारा डायोड. विहिरीवरील पंपाच्या नळाच्या तळाशीं एक झडप असते. ती पाणी वर चढूं देते, पण परत विहिरींत उतरूं देत नाहीं. डायोड ही विजेची तशीच झडप होय. तिच्यांतून वीज एकाच दिशेनें वाहते. डायोडाच्या पोटांत अर्धवाहक पदार्थाचा एक लहानसा स्फटिक असतो व त्यांत दोन निराळ्या प्रकारचे थर एकमेकांस भिडलेले असतात. योग्य दिशेनें वीज सोडली असतां त्या सांध्याजवळ इलेक्ट्रॉन आपली कांहीं ऊर्जा टाकून देतात, आणि ती प्रकाशरूपानें बाहेर पडते.

किती ऊर्जा बाहेर पडावयाची हें त्या पदार्थावर अवलंबून असतें, व ऊर्जेवर रंग अवलंबून असतो. तांबड्या प्रकाशास ऊर्जा कमी लागते, निळ्यास अधिक. म्हणूनच तांबडा दिवा सुमारें २ व्होल्ट दाबावर जळतो, तर निळ्या किंवा पांढऱ्या दिव्यास सुमारें ३ व्होल्ट लागतात. हेन्री राउंड या इंग्रज संशोधकास १९०७ सालींच कार्बोरंडमच्या स्फटिकांतून वीज जातांना मंद प्रकाश दिसला होता. परंतु डोळ्यांस नीट दिसणारा तांबडा एलईडी निक होलोनियाक यांनीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींत सिद्ध केला तो १९६२ सालीं. निळा प्रकाश साधण्यास त्यानंतर सुमारें तीस वर्षें लागलीं. त्या कार्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांस २०१४ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. नखाएवढ्या दिव्यामागें अनेक पिढ्यांचे परिश्रम आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

दिव्याचे दोन पाय सारखे नसतात. नव्या एलईडीचा लांब पाय तो धनाग्र व आंखूड पाय तो ऋणाग्र. पाय कापलेले असतील तर दिव्याच्या गोल कडेकडे पाहावें. ज्या बाजूस कड सपाट केलेली असते, त्या बाजूस सामान्यतः ऋणाग्र असतें. पेटीबरोबर आलेल्या दिव्यांस आधींच तारा जोडलेल्या असतात. त्यांत बहुधा रंगीत तार धन, आणि पांढरी किंवा काळी तार ऋण असते. कांहीं प्लगांवर धन बाजूस लहानसा त्रिकोणही काढलेला असतो.

या तारा जेथें जोडावयाच्या, ती जागा मदरबोर्डाच्या कडेस असते. तेथें एकमेकींपासून एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर, अंतरावर उभ्या पिनांचा पुंजका दिसतो. इंटेल कंपनीनें सुचविलेली मांडणी पुष्कळ मदरबोर्डांवर आढळते, ती अशी: दोन ओळींत मिळून दहा जागा, पैकीं दहावी मुद्दाम रिकामी ठेवलेली, म्हणून प्रत्यक्ष पिना नऊ. एका ओळींत १, ३, ५, ७, ९ व दुसरींत २, ४, ६, ८ असे विषम व सम क्रमांक असतात. १ व ३ या पिना साठवणीच्या दिव्याच्या. त्यांत १ धन व ३ ऋण. २ व ४ या विजेच्या दिव्याच्या. त्यांत २ धन व ४ ऋण. ५ व ७ या रीसेटच्या बटणाच्या, आणि ६ व ८ या यंत्र चालू करण्याच्या बटणाच्या. नवव्या पिनेस कांहीं जोडावयाचें नाहीं. तथापि सर्वच कंपन्या ही मांडणी पाळतात असें नाहीं. म्हणून मदरबोर्डाबरोबर आलेली पुस्तिका उघडून तिच्यांतील आकृतीशीं आपला पुंजका ताडून पाहिल्यावांचून एकही तार जोडूं नये. आकृति पाहण्यास पांच मिनिटें लागतात. चूक शोधण्यास कित्येकदां पांच तास पुरत नाहींत.

जोडणीस बसण्यापूर्वीं यंत्राची वीज केवळ पेटीवरच्या बटणानें बंद करून भागत नाहीं. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स नांवाची रचना प्रसिद्ध केली. तिच्या धर्तीवरील संगणकांत दर्शनी बटण वीज तोडीत नाहीं. तें मदरबोर्डास केवळ इशारा देतें. यंत्र बंद दिसत असलें तरी त्यांत ५ व्होल्टांचा एक प्रवाह जागाच असतो. म्हणून भिंतींतील प्लग उपसून काढावा, व नंतर दर्शनी बटण एकदां दाबून आंत उरलेली वीज संपूं द्यावी. पुष्कळ मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो. तो प्लग काढल्यावरही कांहीं क्षण जळून मग विझतो. तो विझेपर्यंत हात आंत घालूं नये. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थितिक वीज घालवावी. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र कोणीही कधींही उघडूं नये; त्यांतील वीज प्लग काढल्यानंतरही घातक ठरूं शकते.

यानंतरचें काम सोपें आहे. दिव्यांचे व बटणांचे प्लग वेगवेगळे करावे. त्यांवर 'पॉवर एलईडी', 'एचडीडी एलईडी', 'पॉवर स्विच', 'रीसेट स्विच' अशीं नांवें इंग्रजींत छापलेलीं असतात. बटणांच्या प्लगांस उलटसुलट असा भेद नाहीं. बटण म्हणजे दोन तारा क्षणभर एकत्र आणणारा खटका, त्यास दिशा कसली? दिव्याचे प्लग मात्र धनास धन व ऋणास ऋण असेच बसविले पाहिजेत. प्लग सरळ खालीं दाबावा. वांकडा दाबल्यास पिन वांकते, आणि वांकलेली पिन सरळ करतांना मोडण्याचा धोका असतो.

येथें एक अडचण नेहमीं येते. कांहीं पेट्यांच्या विजेच्या दिव्याचा प्लग तीन छिद्रांचा असून मधलें छिद्र रिकामें असतें. उलट मदरबोर्डावर दोन पिना शेजारीं शेजारीं असतात. अशा वेळीं जोर करूं नये व प्लग कापूंही नये. प्लगाच्या अंगावर प्लास्टिकची बारीक जीभ असते. ती टांचणीनें अलगद उचलली म्हणजे धातूच्या टोकासह तार मागें ओढून काढतां येते, आणि मधल्या छिद्रांत बसवितां येते. जीभ पुन्हां खालीं बसली कीं काम झालें.

जवळच दुसरेही तसेच दिसणारे पुंजके असतात. यूएसबीच्या पुंजक्यांतही नऊ पिना असतात; परंतु त्यांत रिकामी जागा नववी असते, दहावी नव्हे. त्यावर चालू वीज असते. दिव्याचा प्लग चुकून तेथें बसविला तर दिवा जळून जाईल, व इतर नुकसानही होऊं शकेल. म्हणून रिकामी जागा कोठें आहे हें पाहणें हीच ओळखीची खूण.

कित्येक विद्यार्थ्यांस पेटींत स्वतःचा आणखी एखादा दिवा लावण्याची हौस असते. हौस चांगली आहे. पण तीस गणिताची जोड हवी. मदरबोर्डावरील दिव्यांच्या पिनांशीं प्रवाह आवरणारा रोधक आधींच बसविलेला असतो, म्हणून तेथें एलईडी नुसता जोडला तरी चालतो. वीजपुरवठ्याच्या तारांस तो तसा जोडतां येत नाहीं. एलईडीचा स्वभाव असा कीं, दाब ठराविक मर्यादेवर किंचित् वाढला तरी प्रवाह एकदम पुष्कळ वाढतो आणि दिवा क्षणांत निकामी होतो. त्यास आवर घालण्याकरितां ओळींत रोधक लावावा लागतो.

तो किती ओहमचा असावा हें ओहमच्या नियमानें काढतां येतें. चार पिनांच्या नेहमींच्या प्लगांत तांबड्या तारेवर ५ व्होल्ट, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, व काळ्या तारा ऋण असतात. समजा, तांबडा दिवा ५ व्होल्टांवर लावावयाचा आहे. दिवा स्वतः २ व्होल्ट घेतो, उरले ३. प्रवाह १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर, पुरे. ३ भागिले ०.०१ म्हणजे ३०० ओहम. बाजारांत ३३० ओहमचा रोधक सहज मिळतो. तो लावल्यास प्रवाह सुमारें ९ मिलिअँपिअर होतो, आणि दिवा डोळ्यांस त्रास न देतां छान जळतो. पांढरा दिवा १२ व्होल्टांवर लावावयाचा असेल तर १२ मधून ३ वजा जातां ९ उरतात. ९ भागिले ०.०१ म्हणजे ९०० ओहम. तेथें १००० ओहमचा रोधक लावावा. दोन्ही ठिकाणीं पाव वॉटचा रोधक पुरेसा होतो. उघडे सांधे नळीनें किंवा चिकटपट्टीनें झांकावे, म्हणजे ते पेटीच्या धातूस टेंकणार नाहींत.

आजकाल शोभेच्या रंगीबेरंगी दिव्यांच्या पट्ट्याही मिळतात. त्यांत दोन जाती आहेत व त्यांची गल्लत महाग पडते. चार पिनांची पट्टी सामान्यतः १२ व्होल्टांची, आणि तीन पिनांची ५ व्होल्टांची असते. ५ व्होल्टांची पट्टी १२ व्होल्टांवर जोडली तर ती जळते. प्लग बसत नाहीं म्हणून कोणी पिना वांकवूं लागला, तर त्याचा हात धरावा. प्लग न बसणें हीच तेथें धोक्याची सूचना असते.

इतकें करूनही दिवा लागला नाहीं तर काय करावें? प्रथम वीज काढून तो प्लग उपसावा व उलटा फिरवून बसवावा. मदरबोर्डाच्या पिनांवर उलट्या जोडणीनें एलईडीस सहसा इजा होत नाहीं. तो केवळ मुका राहतो. मग प्लग भलत्याच पिनांवर तर नाहीं ना हें पाहावें. तरीही नाहीं, तर दिवा स्वतः जिवंत आहे का हें तपासावें. संगणकांत वापरतात तसला ३ व्होल्टांचा बटणासारखा सेल घेऊन त्याची धन बाजू रंगीत तारेस व ऋण बाजू दुसऱ्या तारेस क्षणभर लावावी. दिवा चांगला असेल तर जळेल. निळा असल्यास कदाचित् मंद जळेल. न जळल्यास तार तुटली आहे किंवा दिवा गेला आहे. दोन्हींचा खर्च अल्प आहे.

मुख्य गोष्ट ही कीं, दिवा न लागणें हा दिव्याच्या तारेविषयींचा पुरावा आहे, सबंध यंत्राविषयींचा नव्हे. यंत्राची साक्ष इतर ठिकाणींही मिळते. पंखा फिरतो का? पडद्यावर कांहीं उमटतें का? पुष्कळ नव्या मदरबोर्डांवर आणखी चार बारीक दिवे असतात. यंत्र सुरू होतांना ते अनुक्रमें प्रोसेसर, स्मृति, चित्रदर्शक भाग व सुरुवातीची साठवण यांची तपासणी दाखवितात. त्यांतील जो जळत राहील, तेथें दोष शोधावा. साक्षीदार अनेक असतां एकाच्या मौनावरून निकाल देणें न्यायाचें नव्हे.

आतां त्या सायंकाळकडे परत येऊं. पेटी मेजावर ठेवून आम्हीं वीज दिली व मुलास बटण दाबावयास सांगितलें. दिवा लागला नाहीं. पण पंखा फिरूं लागला. मुलानें पूर्वीं दिव्याच्या काळोखाकडेच पाहून वीज तोडली होती, पंख्याकडे त्याचें लक्षच गेलें नव्हतें. मीं माझा पडदा जोडून दिला, आणि त्यावर अक्षरें उमटलीं. यंत्र पहिल्या दिवसापासून धडधाकट होतें! मग वीज काढून आम्हीं पुस्तिकेची आकृति उघडली. विजेच्या दिव्याची पांढरी तार धन पिनेवर बसली होती. मुलानें स्वतःच्या बोटांनीं तो प्लग काढून फिरवून बसविला, पुन्हां बटण दाबलें, आणि पेटीवर हिरवा दिवा उजळला.

वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मुलाच्या पाठीवरून हात फिरविला. मीं त्या मुलास त्याच्या वडिलांदेखतच सांगितलें, "मघाशीं मी तुला उगाच बोललों. तुझें काम चांगलें आहे; एक तार उलटी होती, एवढेंच." दुकानदारानें पेटी न उघडतां यंत्राविषयीं निकाल दिला, आणि मीं पेटी न उघडतां मुलाविषयीं दिला; दोघांत फरक तो काय?

पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलें असें कांहीं जोडूं पाहत असतील तर त्यांस सरसकट मना करूं नये. भिंतींतला प्लग काढला आहे ना, पुस्तिका उघडी आहे ना, एवढें जवळ बसून पाहावें. आणि विद्यार्थी मित्रहो, आपला दिवा लागला नाहीं तर घाबरून जाऊं नका व दुसऱ्याच्या अंदाजावर पैसे खर्चूं नका. आधीं पंखा पाहा, मग आकृति पाहा, मग प्लग फिरवून पाहा. बहुतेक वेळां दोष एका तारेचा असतो, व तो आपल्याच हातांनीं दूर करतां येतो.